बॅककंट्रीसाठी किट विमान: ८२६ पौंडांचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या आयडाहोमधलं. दोन भागीदार, नावं मुद्दाम देत नाही, थोरले आणि धाकटा असंच म्हणतो. थोरले साठीच्या पुढचे, १,१०० तासांचा अनुभव, पण सगळा पुढे चाक असलेल्या सेसना १७२ वर आणि पक्क्या धावपट्टीवर. धाकटा चाळिशीच्या आतला, उडवण्याचे तास जेमतेम १५०, पण मशीन शॉपमध्ये वाढलेला, कुठलंही काम एकदा बघितलं की हातात बसतं त्याच्या. दोघांना मिळून एक किट विमान, म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायचं विमान, बांधायचं होतं आणि बॅककंट्रीतल्या, म्हणजे वस्तीपासून दूरच्या डोंगरातल्या, गवताच्या स्ट्रिपवर (साध्या धावपट्टीवर) उतरून दोन रात्री तंबूत राहून परत यायचं होतं, एवढंच स्वप्न. मी यात वजनाचं रजिस्टर सांभाळायला आणि मधूनमधून काम तपासायला होतो, म्हणून सगळे आकडे माझ्याकडे आहेत.

किट का, तर निम्म्यापेक्षा जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असलं की एफएए (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) ते विमान एक्स्पेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट म्हणून धरतं, आणि बांधणाऱ्याला रिपेअरमन सर्टिफिकेट मिळालं की दर वर्षाची तपासणी तो स्वतः करू शकतो. धाकट्यासारख्या माणसाला याहून चांगलं काय हवं.

एक अट मात्र सुरुवातीपासून होती. थोरल्यांनी आपलं मेडिकल, म्हणजे वैमानिकाचं आरोग्य प्रमाणपत्र, संपू दिलं होतं. नाकारलं गेलं नव्हतं, नुसतं संपू दिलं होतं, हा फरक महत्त्वाचा, कारण नाकारलं गेलं असतं तर पुढची वाटही बंद झाली असती. त्यामुळे ते ड्रायव्हिंग लायसन्सवर, स्पोर्ट पायलटच्या (मेडिकलशिवाय छोटी विमानं उडवायच्या) सवलतीत उडणार होते, आणि २०१९ मध्ये, जेव्हा किट आलं, तेव्हा त्या सवलतीत फक्त लाइट स्पोर्टच्या व्याख्येत बसणारं विमान चालायचं: ग्रॉस वेट, म्हणजे माणसं, सामान, इंधन धरून एकूण वजन, जास्तीत जास्त १,३२० पौंड म्हणजे साधारण ६०० किलो, दोनच सीट, चाकं आत न जाणारी, आणि प्रॉप (पुढचा पंखा) एकतर फिक्स्ड नाहीतर जमिनीवरच पिच, म्हणजे पात्यांचा तिरपेपणा, बदलता येणारा.

नेमका प्रश्न

पहिल्याच बैठकीत मी त्यांना जायच्या स्ट्रिपची नावं लिहायला लावली. तीन आली: गार्डन व्हॅली, जॉन्सन क्रीक आणि बिग क्रीक. (चौथं माइल हाय होतं, धाकट्याने लिहिलेलं, ते थोरल्यांनी लगेच खोडलं आणि बरं झालं, ती इतकी आखूड आणि चढाची स्ट्रिप आहे की तिथे नवशिक्याचं काम नाही.) गार्डन व्हॅली ३,२०० फुटांच्या आसपास उंचीवर, जॉन्सन क्रीक ४,९०० फुटांच्या वर आणि बिग क्रीक ५,७०० च्याही वर. तिन्ही गवताच्या, तिन्ही ३,००० फुटांपेक्षा लांब.

आता हे नीट बघा. या तिन्ही स्ट्रिपवर उतरणं हा मोठा प्रश्न नाहीच, लांबी भरपूर आहे. प्रश्न आहे तो परत निघताना, उन्हाळ्याच्या दिवसात, दोन माणसं आणि सामान घेऊन दरीतून वर चढण्याचा. ५,००० फुटांवर प्रमाण तापमान ५ अंश सेल्सिअस धरतात, दुपारी ते ३० झालं तर २५ अंश जास्त, आणि दर अंशाला ढोबळ १२० फूट धरले तर विमानाला वाटतं आपण ८,००० फुटांवर आहोत. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे १०० हॉर्सपॉवरचे तिथे ७५ च्या आसपास उरतात. प्रॉप आणि पंखसुद्धा त्याच पातळ हवेत काम करतात.

गरजेचा हिशोब असा मांडला: दोन माणसं कपड्या-बुटांसकट ३८५ पौंड, कॅम्पिंगचं सामान ७०, इंधन २० गॅलन म्हणजे १२०. बेरीज ५७५. १,३२० मधून वजा केलं तर रिकामं विमान ७४५ पौंडांत बसायला हवं. आम्ही लक्ष्य ७५० ठेवलं, पाच पौंड इंधनातून कापू म्हटलं.

समोरचे पर्याय

तीन प्रकार विचारात होते.

पहिला सगळा पत्र्याचा, झेनिथ सीएच ७५० सारखा. पंखाच्या पुढच्या कडेला पक्के बसवलेले स्लॅट (कमी वेगातही उचल देणाऱ्या पट्ट्या), नोजव्हील, मोठे दरवाजे, रिव्हेट मारत जायचं. धाकट्याला हा फार आवडला कारण काम सरळ आणि पत्रा त्याच्या ओळखीचा. थोरल्यांनाही नोजव्हीलची सवय. पण त्या स्लॅटमुळे क्रूझचा, म्हणजे सरळ प्रवासातला, वेग कमी, आणि इंजिन मागे घेतलं की विमान खाली येतं ते झपकन, तिथे सवय लागते.

दुसरा स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि वर फॅब्रिक, दोन सीट शेजारी-शेजारी, किटफॉक्स, रॅन्स एस-२० किंवा जस्ट हायलँडरच्या जातीचा. टेलड्रॅगर (तिसरं चाक शेपटीखाली असलेला) करता येतो, काहींचे पंख दुमडतात. शेजारी बसायचं म्हणजे एकमेकांना शिकवता येतं, नकाशा दाखवता येतो.

तिसरा पायपर कबच्या घराण्यातला, एकामागे एक सीट, १८० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलेला. चढाईच्या बाबतीत यापुढे बाकीचे फिके. पण बजेटच्या बाहेर, आणि थोरल्यांचा गुडघा. मागच्या सीटवर चढून बघितलं त्यांनी एकदा, उतरताना दोन्ही हातांनी सांगाड्याची नळी धरून एक मिनिट तसेच उभे राहिले, मग कुणी तो विषय पुन्हा काढला नाही.

दुसरा प्रकार ठरला. कुठलं मॉडेल ते लिहीत नाही, त्याने फरकही पडत नाही, डिझाइनरने मूळ रचना १,५५० पौंडांपर्यंत मान्य केलेली होती हे मात्र लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

इंजिनात रोटॅक्स ९१२ यूएलएस घ्यायचं की टर्बोवालं ९१४ यावर तीन आठवडे चर्चा. ९१४ टेकऑफला पाच मिनिटं ११५ देतं आणि उंचीवर ताकद टिकवतं, पण वजन जास्त, गुंतागुंत जास्त, किंमत जास्त. ९१२ यूएलएस १०० हॉर्सपॉवरचं, दोन कार्ब्युरेटर उंचीप्रमाणे मिश्रण आपोआप बरंचसं सांभाळतात, मिक्स्चरची नॉब नाही. साधेपणासाठी ९१२ घेतलं. त्या वेळी मीही त्याच बाजूने बोललो होतो.

वजन वाढलं ते कसं

बांधायला अडीच वर्षं गेली आणि काम सुंदर झालं, वेल्ड जोडांच्या आसपासचं फॅब्रिक इतकं सफाईने बसलं होतं की हात फिरवावासा वाटायचा. पण या अडीच वर्षांत हँगरमध्ये येणारा प्रत्येक माणूस काहीतरी सुचवून जायचा, आणि प्रत्येक सूचना बॅककंट्रीच्या नावानेच यायची.

दगडधोंडे असतील तर ३१ इंची टंड्रा टायर हवेत. मागचं चाक खड्ड्यात अडकेल तर मोठं, मऊ टेलव्हील हवं. दरीत ढग आले तर दुसरा स्क्रीन आणि ऑटोपायलट हवा. दोन तास बसायचं तर आवाज कमी करणारं अस्तर आणि कार्पेट हवं. सामान टाकायला मागे पक्की फळी हवी. यातलं एकही चुकीचं नव्हतं, एकेकटं घेतलं तर. आणि रंग, तो तर धाकट्याच्या जिव्हाळ्याचा विषय, तीन रंगांत चकाकता केला, हात आखडता घेतला नाही.

मी रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तू लिहीत होतो पण बेरीज शेवटी करू असं ठेवलं, आणि ही या सगळ्या प्रकरणातली माझी चूक. दर महिन्याला बेरीज भिंतीवर लावली असती तर गोष्ट तिथेच थांबली असती.

वजनाचा दिवस

२०२२ चा वसंत. हँगरचे दरवाजे बंद, कारण वाऱ्याची झुळूक पंखाला लागली तरी काटा हलतो. दोन चाकांखाली दोन काटे, शेपूट उचलून लाकडी घोडीवर ठेवलेला तिसरा, दरवाजाच्या चौकटीवर स्पिरिट लेव्हल, बुडबुडा मध्यावर येईपर्यंत घोडीखाली प्लायवूडचे तुकडे सरकवत होतो. तेल आणि कूलंट भरलेलं, टाक्या रिकाम्या. तीन आकडे लिहिले, घोडीचं वजन वजा केलं, बेरीज केली. ८२६.

धाकट्याने काटे बदलून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा ८२६.

लक्ष्यापेक्षा ७६ पौंड जास्त. रजिस्टर उघडलं तर हिशोब चोख जमला: टायर, रिम आणि ब्रेक ३६, रंग १४, दुसरा स्क्रीन आणि ऑटोपायलट ९, अस्तर-कार्पेट ७, टेलव्हील ६, सामानाची फळी ४. आता उरले ४९४ पौंड. दोन माणसं बसली की १०९ उरतात, त्यात इंधन भरायचं की तंबू न्यायचा.

आणि सीजी, म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, मागे गेला तो वेगळाच. टेलव्हीलचे सहा पौंड ऐकायला किरकोळ, पण ते सीजीपासून साडेबारा फुटांवर आहेत, त्या सहा पौंडांनी एकट्यांनी रिकाम्या विमानाचा सीजी एक इंचाहून जास्त मागे नेला. सीजीला फिरायला जागाच मुळात मोजक्या इंचांची असते, त्यातला एक इंच असा गेला, आणि सामान ठेवायची जागाही सीटच्या मागेच.

त्याच आठवड्यात जमिनीवर इंजिन चालवून बघताना दुसरी गोष्ट कळली. ब्रेक दाबून थ्रॉटल पुढे केला तर ४,००० आरपीएमच्या आसपास विमान हळूहळू पुढे सरकायला लागलं. कॅलिपर बिघडलेला नव्हता. मूळ टायर २२ इंची, त्याची त्रिज्या ११ इंच, नव्याची साडेपंधरा, ब्रेक तेवढाच पीळ देतो पण चाक मोठं झाल्यामुळे जमिनीवर पोचणारी पकड जवळजवळ तीस टक्के कमी झाली. ब्रेक वाढवायचे तर अजून वजन.

पहिला मोठा निर्णय: कागदावर आकडा वाढवायचा का

धाकटा म्हणाला, "काका, डिझाइनरने १,५५० मान्य केलंय ना, मग आपण कागदावर तेवढंच लिहू की. विमानाला काही होणार नाही."

त्याचं म्हणणं रचनेच्या दृष्टीने खरं होतं. अमॅच्युअर-बिल्टमध्ये ग्रॉस वेट बांधणाराच ठरवतो. पण तेव्हाच्या व्याख्येत एक अट होती, विमान पहिल्यांदा सर्टिफाय झालं तेव्हापासून सतत त्या मर्यादेत असलं पाहिजे. एकदा १,५५० वर नोंद झाली की नंतर खाली आणून थोरल्यांना ते उडवता आलं नसतं, कधीच नाही. म्हणजे एका सहीने अर्ध्या मालकाला विमानाबाहेर काढणं.

थोरले बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी बाजूला बसून येईन रे, तू उडव." ते मनापासूनच म्हणाले, पण पाच मिनिटांनी धाकट्यानेच पाना हातात घेतला आणि टायरचे नट सोडायला लागला. कागद १,३२० चाच राहिला.

काय काढलं, काय ठेवलं

आता प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारला: लिहिलेल्या त्या तीन स्ट्रिपपैकी कुठल्या स्ट्रिपवर ही लागते? अलास्कात नदीच्या पात्रातल्या गोट्यांवर उतरणाऱ्यांना ३१ इंची टायर लागतात, लागतातच. पण जॉन्सन क्रीकचं गवत कापलेलं असतं. आम्ही गरज ओळखताना दुसऱ्याच भूभागाचे फोटो बघत होतो, आणि हे बोलायला आम्हाला अडीच वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

३१ चे जाऊन २६ इंची टायर आले, २२ पौंड वाचले आणि ब्रेकही पुरेसा धरायला लागला. अस्तर आणि कार्पेट फाडून काढलं, ७. दुसरा स्क्रीन आणि ऑटोपायलट, ९. टेलव्हील मधल्या आकाराचं लावलं, ४. सीटमागची लेड-अॅसिड बॅटरी काढून लिथियम बसवली, १० पौंड गेले आणि सीजी जवळजवळ अर्धा इंच पुढे आला, एका कामात दोन फायदे. एकूण ५२. रंगाचे १४ मात्र कायमचे आहेत, फॅब्रिकवरून रंग खरवडून काढता येत नाही.

रिकामं विमान ७७४ झालं. उरले ५४६: माणसं ३८५, इंधन १६ गॅलनचे ९६, सामान ६५. सामानाची फळी ठेवली, कारण तिच्याशिवाय सामान बांधायला आधार नाही आणि उड्डाणात सरकणारं सामान हा सीजीचा सरळ धोका.

तीन गोष्टींवर मी काहीही कापू दिलं नाही. चार-बिंदू पट्टे, विमान पडल्यावर संकटाचा सिग्नल देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा ईएलटी (जुन्या १२१.५ चं उपग्रहांनी ऐकणं २००९ मध्येच बंद झालं), आणि अंगातल्या जॅकेटमध्ये सॅटेलाइट मेसेंजर, काडेपेटी, शिट्टी, मलमपट्टी. अंगातच का, तर पडल्यावर घाईत बाहेर यावं लागलं तर मागच्या पिशवीतलं विमानातच राहतं.

आणि व्हॉर्टेक्स जनरेटर. पंखाच्या वरच्या बाजूला चिकटवायचे छोटे पाते, सगळे मिळून अर्धा पौंडसुद्धा नाहीत. आमच्या मोजमापात स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख उचल सोडतात तो वेग, ताशी ४२ मैलांवरून ३९ वर आला. आकडा लहान वाटतो, पण उतरताना जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, त्यामुळे ती साधारण १४ टक्क्यांनी कमी झाली. अर्ध्या पौंडात याहून जास्त काही विकत मिळत असेल असं मला वाटत नाही. प्रॉप जमिनीवर पिच बदलता येणारा होता, तो चढाईच्या बाजूला, थोडा सपाट ठेवला, क्रूझमधले पाच-सहा मैल सोडून दिले.

विकलेल्या टायरचे आणि स्क्रीनचे पैसे डोंगरात उडायच्या प्रशिक्षणात गेले. टेलव्हीलची सही, म्हणजे मागच्या चाकाचं विमान उडवायला प्रशिक्षकाची परवानगी, थोरल्यांना तशीही लागणार होती, पण डोंगराचा कोर्स त्यांना नको होता, १,१०० तास आहेत म्हणाले. धाकट्याने आपलं नाव आधी घातलं आणि त्यांचंही भरलं.

चाचणी आणि परिणाम

यूएलएस हे टाइप-सर्टिफाइड (एफएएने प्रमाणित केलेलं) इंजिन नाही, त्यामुळे चाचणीच्या पहिल्या टप्प्यात ४० तास, प्रवासी न घेता. ते तास बहुतेक लोक गोल-गोल फिरून संपवतात. आम्ही शेवटचे काही तास वाळूच्या पिशव्या बांधून पूर्ण १,३२० वर चढाई मोजण्यात घालवले, एकदा पहाटे, एकदा भर दुपारी. दुपारी, ८,००० च्या डेन्सिटी अल्टिट्यूडला (विमानाला हवा जितक्या उंचीवरची वाटते ती), मिनिटाला ४३० फूट. ताशी ६५ मैलांच्या वेगाला म्हणजे पुढे जाणाऱ्या दर मैलाला साधारण ४०० फूट. तो आकडा पॅनेलवर चिकटवला आणि नियम ठरवला, दोघं असताना उन्हाळ्यात सकाळी दहानंतर डोंगरातून टेकऑफ नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्या नियमाची परीक्षा झाली. जॉन्सन क्रीकला दोन रात्री राहून निघायचं होतं, सकाळी दरीत धुकं, ते वर जायला साडेअकरा, आवरून बसेपर्यंत साडेबारा, तापमान २९. धाकट्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. शेजारून एक मोठ्या इंजिनाचं विमान सहज निघून गेलं. धावपट्टी पुरणार होती, त्यात शंका नव्हती. पण दर मैलाला ४०० फूट हा शांत हवेतला आकडा, दुपारी दरीत खाली ढकलणारी हवा त्यातले निम्मे सहज खाते, आणि भिंती तर तिथेच. थोरल्यांनी किल्ली काढून खिशात टाकली आणि तंबू पुन्हा उघडला. सॅटेलाइट मेसेंजरवरून घरी निरोप गेला. दुसऱ्या दिवशी पावणेसातला थंड हवेत निघाले, चढाई मिनिटाला ६५० च्या पुढे. धाकट्याची एक दिवसाची मजुरी बुडाली.

त्यानंतर दोन उन्हाळे, तिन्ही स्ट्रिप झाल्या. टायर एकदाही कमी पडले नाहीत. मागचं चाक एकदा बिग क्रीकला बिळात गेलं, स्प्रिंग वाकली, बदलली.

वेगळं काय करता आलं असतं

बेरीज दर महिन्याला, हे तर आहेच. इंजिनाबाबत माझं मत आता बदललंय. आम्ही ९१४ नाकारलं ते वजन आणि पैशासाठी, आणि मग त्याहून जास्त वजन टायर आणि रंगात घातलं. आधी टायर २६ इंची ठरवून, एकच स्क्रीन, एकच रंग असं धरून उरलेल्या वजनात टर्बो बसतं का हे बघायला हवं होतं, कारण या स्ट्रिपवर कमी पडते ती चढाई, पकड नाही. ब्रेकचा त्रिज्येचा हिशोबही टायर मागवायच्या आधी कागदावर दोन मिनिटांत झाला असता.

टेलड्रॅगर की नोजव्हील याबद्दल माझं अजून नक्की मत नाही. या तीन स्ट्रिपसाठी मजबूत नोजव्हील चाललं असतं, थोरल्यांचे शिकायचे बारा तास वाचले असते. पण बिळाचा प्रसंग आठवला की वाटतं, पुढचं चाक गेलं असतं तर प्रॉपही गेला असता.

१,३२० ची मर्यादा आता स्पोर्ट पायलटला नाही. जुलै २०२५ मध्ये नवा नियम जाहीर झाला आणि २२ ऑक्टोबर २०२५ पासून वजनाऐवजी स्टॉलचा वेग बघतात, ५९ नॉटपर्यंत चालतो. म्हणजे थोरल्यांना १,५५० चं विमानही उडवता येईल. धाकट्याने लगेच विचारलं, वाढवायचं का. त्यासाठी मोठा बदल म्हणून पुन्हा चाचणीच्या टप्प्यात जावं लागेल, ते ठीक आहे. पण इंजिन तेच १०० हॉर्सपॉवरचं. तेव्हा ठरलं असं की त्या टप्प्यात आधी १,४३० पर्यंतच जायचं, वाळूच्या पिशव्या बांधून, जुलैच्या दुपारी, आणि दर मैलाला ३०० फुटांच्या खाली चढाई गेली तर पॅनेलवरचा कागद बदलायचा नाही. पिशव्या भरून झाल्यात, प्रत्येकीवर वजन मार्करने लिहिलंय.